वादळाने आणलेला माल

समजा, लिस्बनहून वेस्ट इंडीजला निघालेले एक जहाज वादळात सापडले. डोलकाठी मोडली, तळात पाणी शिरले आणि कप्तानाने नाइलाजाने अमेरिकेचे बंदर गाठले. आता जहाजावरील मालावर जकात घ्यावयाची की नाही?

नव्या अमेरिकन संघराज्याच्या दृष्टीने हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. सरकारचे बहुतेक उत्पन्न बंदरांवरील जकातीचेच असे. किनारा लांब, पहारा अपुरा. वादळाची सबब मानली तर चोरट्यांचे फावणार. न मानली तर संकटात सापडलेला नागवला जाणार.

2 मार्च 1799 च्या जकात कायद्याच्या 60 व्या कलमाने यावर तोड काढली. कप्तान व त्याच्या खालोखालचा अधिकारी यांनी बंदरात आल्यापासून 24 तासांच्या आत आपली हकीकत शपथेवर नोंदवावी, आणि 48 तासांच्या आत तिची नक्कल व जहाजाच्या मालाचा तपशील जकात कचेरीत द्यावा. माल उतरविणे खरोखर भाग आहे काय, याचा दाखला बंदराच्या पाहणीदारांनी द्यावा. ते नसतील तर जकात-अधिकाऱ्याने नेमलेल्या दोन प्रतिष्ठित व्यापाऱ्यांनी. मग निरीक्षकाच्या देखत माल उतरे व वखारीत राही. पुढे तोच माल जहाजावर परत चढविला तर जकात नाही. वखारीचा खर्च व अधिकाऱ्यांची फी तेवढी द्यावयाची. नाशवंत माल, किंवा खर्च भागविण्यापुरता माल, विकण्याची परवानगी मिळे. मात्र विकला तेवढ्यावर जकात पडे.

1815 साली ‘काँकॉर्ड’ जहाजाच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व सांगितले : अपरिहार्य गरजेने आत आलेला माल जकातीपुरता ‘आयात’ ठरत नाही, तो देशात विकला व खपला तर गोष्ट निराळी.

लबाडीही झालीच. डिसेंबर 1807 पासून 1809 पर्यंत परदेशी व्यापारावर बंदी होती, तेव्हा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी कित्येक जहाजे ‘वादळाने’ वेस्ट इंडीजला पोचत! 1818 साली ‘न्यू यॉर्क’ नावाच्या जहाजाने पुढे केलेली संकटाची सबब त्याच न्यायालयाने तपासली आणि फेटाळली.

कामगारांच्या तक्रारी लिहून घेण्यात आमचे आयुष्य गेले. खरा अडलेला माणूस पुष्कळदा हरतो तो खोटा असतो म्हणून नव्हे, तर वेळेवर कोठे काय नोंदवावे हे त्याला कोणी सांगितलेले नसते म्हणून. या कलमाने ते आधीच सांगून ठेवले. म्हणून त्या कप्तानाला कोणाची मेहेरबानी मागावी लागली नाही. तो आपला हक्क मागू शकला.