एकदाच उडणारा थर्मल फ्यूज

घरातल्या वीजसुरक्षेचा विषय निघाला की बोलणं एमसीबीपाशी येऊन थांबतं. पण १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरसुद्धा घेत नाही. तिच्या थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले तर ती तापतच राहते, प्रवाह मात्र तेवढाच राहतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्यात काहीच वावगं दिसत नाही, आणि त्याचा त्यात दोषही नाही. बिघाड प्रवाहात नसतो, साचत चाललेल्या उष्णतेत असतो. तो ओळखायचा तर जिथे तापतं तिथेच काहीतरी बसवायला हवं. इस्त्री, राइस कुकर, हेअर ड्रायर, ट्रान्सफॉर्मर यांच्या पोटात थर्मल फ्यूज असतो तो याचसाठी.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. धातूची छोटी नळी, दोन टोकांना दोन तारा. आत मेणासारख्या सेंद्रिय पदार्थाची घट्ट गोळी, आणि तिच्या आधाराने दबून बसलेली स्प्रिंग. ही स्प्रिंग एका चकतीला तारेच्या टोकावर दाबून धरते. प्रवाह तारेतून चकतीत, तिथून नळीच्या अंगात आणि पलीकडच्या तारेत जातो. ठरलेल्या तापमानाला गोळी वितळली की स्प्रिंगचा टेका जातो आणि समोरची दुसरी, नाजूक स्प्रिंग चकतीला मागे ढकलते. प्रवाह तुटतो, तो कायमचा. दुसऱ्या प्रकारात गोळीऐवजी लवकर वितळणारा मिश्रधातू असतो; प्रेशर कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये असतो तसाच.

या ‘कायमचा’वरच लोकांचा आक्षेप असतो. मिक्सरच्या तळाचं लाल बटण दाबलं की तो पुन्हा सुरू होतो, मग इथे तशी सोय का नाही? कारण मिक्सरचं बटण तात्पुरत्या ओझ्यासाठी असतं, तर थर्मल फ्यूज उडतो तेव्हा बहुधा थर्मोस्टॅट आधीच निकामी झालेला असतो. आपोआप जुळणारा फ्यूज तोच बिघाड पुन्हापुन्हा तापवत राहील. एकदाच उडणारा फ्यूज उपकरण उघडून कारण शोधायला भाग पाडतो. म्हणूनच दुरुस्तीत तो काढून तारा ‘डायरेक्ट’ जोडणं मला घातक वाटतं: उपकरण चालू होतं, ग्राहक खूश होतो, आणि पुढच्या बिघाडाला अडवायला काहीच उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये गुंडाळलेला फ्यूज उडाला की अगदी स्वस्त भागापायी अख्खी वस्तू भंगारात जाते. शिवाय फ्यूज त्याच्या मर्यादेच्या जवळ सतत तापत राहिला तर गोळी हळूहळू झिजते आणि तो विनाकारणही उडू शकतो. हे खरं आहे. पण यात खोट फ्यूजच्या तत्त्वाची नाही, त्याची जागा आणि तापमान निवडणाऱ्याची आहे. नवा फ्यूज टाकणाऱ्यालाही काळजी घ्यावी लागते: तापमानाचा आणि अँपिअरचा आकडा तोच हवा, आणि तार सोल्डर करायची तर नळी आणि डाग यांच्यामध्ये पक्कड धरून उष्णता आत जाऊ द्यायची नाही, नाहीतर फ्यूज बसवतानाच उडतो. क्रिंप करणं त्याहून बरं. कंपन्यांनी फ्यूज हाताला लागेल अशा जागी ठेवला आणि त्याचं तापमान उपकरणाच्या पट्टीवर छापलं, तर ‘डायरेक्ट’ करण्याची निम्मी सबब तिथेच संपेल.