पेट क्वालिटी म्हणजे नापास कोंबडी?

इन्स्टावर स्क्रोल करताना ती तुम्हाला कधी ना कधी दिसली असेलच. पांढरीशुभ्र, कापसाच्या गोळ्यासारखी, डोक्यावर पिसांचा झुपका. सिल्की कोंबडी! हल्ली आपल्याकडेही सिल्की, ब्रह्मा, पोलिश अशा 'फॅन्सी' कोंबड्यांच्या पिल्लांच्या जाहिराती दिसतात. त्यात बऱ्याचदा दोन लेबलं असतात, 'शो क्वालिटी' आणि 'पेट क्वालिटी'. पहिली महाग, दुसरी स्वस्त. साहजिकच वाटतं की शो म्हणजे डिस्टिंक्शन आणि पेट म्हणजे काठावर पास. पण हे मार्क कोण देतं आणि कशाचे देतं, ते आधी बघू या.

मार्कांचं पुस्तक

या सगळ्याची सुरुवात ब्रिटनमधली. तिथे १८३५ मध्ये कोंबड्यांच्या झुंजींवर कायद्याने बंदी आली. झुंजी गेल्या, पण शौक गेला नाही. १८४५ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं. त्याच काळात चीनमधून आलेल्या मोठाल्या, पिसाळ पायांच्या कोंबड्यांनी लोकांना अक्षरशः वेड लावलं. प्रदर्शन म्हटलं की नंबर आले, नंबर आले की भांडणं आली. मग नियम लिहायची वेळ आली. डार्विनचा स्नेही टेगेटमायर याने संपादित केलेलं ब्रिटिश स्टँडर्ड १८६५ मध्ये निघालं. अमेरिकेत १८७३ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचं पुस्तक आलं. आज ते 'स्टँडर्ड ऑफ परफेक्शन' या नावाने ओळखलं जातं. त्यात आपला असील आहे, आणि ब्रह्मपुत्रेवरून नाव पडलेली ब्रह्माही आहे.

या पुस्तकात प्रत्येक जातीचं 'आदर्श' वर्णन असतं आणि १०० गुणांची विभागणी असते. सिल्कीचंच घ्या. साध्या कोंबडीच्या पायाला चार बोटं असतात, सिल्कीला पाच हवीत. कातडी काळसर हवी. तुरा करवतीच्या दात्यांसारखा उभा नको, अक्रोडासारखा गोळा हवा. चारच बोटं निघाली किंवा तुरा उभा आला की पक्षी थेट बाद.

आता या बाद झालेल्या सिल्कीला घरी आणा. ती तितकीच मऊ असते, तितकीच शांत असते. खुडूक बसली की बदकाची अंडीसुद्धा इमानेइतबारे उबवते. जज तब्येत आणि वजन बघतो, पण यातलं काही त्याला टेबलावर दिसूच शकत नाही. म्हणजे ती नापास झाली ती तुमच्या पेपरात नाही, दुसऱ्याच विषयाच्या पेपरात!

बारावीची बायोलॉजी आठवा

पनेट स्क्वेअर आठवतोय? तो ज्या रेजिनाल्ड पनेटच्या नावाने आहे, त्याने केंब्रिजमध्ये विल्यम बेटसनबरोबर कोंबड्यांच्या तुऱ्यांवर काम केलं होतं. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे बेटसनने १९०२ मध्ये दाखवलं तेही कोंबड्यांवरच. तोच चौकोन घेऊन 'ब्लू अँडालुशियन' ही निळसर राखाडी कोंबडी बघा. अमेरिकन स्टँडर्डमध्ये तिचा एकच रंग मान्य आहे, निळा. पण निळा कोंबडा आणि निळी कोंबडी यांच्या पिल्लांत सरासरी अर्धीच निळी निघतात. पाव काळी आणि पाव पांढरट, ठिपक्यांची. गुलबक्षीच्या लाल-पांढऱ्या-गुलाबी फुलांसारखंच हे गणित. म्हणजे चॅम्पियन आई-बापांचीही निम्मी पिल्लं रंगातच बाद!

खरी गंमत पुढे आहे. बाद ठरलेला काळा आणि बाद ठरलेली ठिपक्यांची, अशी जोडी लावा. सगळीच्या सगळी पिल्लं निळी. शोमध्ये ज्यांना जागा नाही, त्यांच्याच पोटी शोचा रंग शंभर टक्के येतो.

सौंदर्याची किंमत

इथवर सगळं मजेशीर आहे. पण हाच चौकोन जपानच्या 'चाबो' या बुटक्या कोंबडीला लावला की हसू थांबतं. चाबोचे पाय इतके आखूड असावे लागतात की शरीर जमिनीला टेकल्यासारखं दिसावं. या आखूडपणाचा जीन एका पालकाकडून आला तर पाय आखूड होतात. दोघांकडून आला तर पिल्लू अंड्यातच मरतं. दोन्ही पालक आखूड पायांचे असतील, तर सरासरी चारातलं एक पिल्लू कवच फोडून बाहेर येतच नाही. त्याऐवजी आखूड पायांच्या पक्ष्याला लांब पायांच्या, म्हणजे 'पेट क्वालिटी' चाबोबरोबर ठेवलं, तर निम्मी पिल्लं आखूड पायांची निघतात आणि या जीनमुळे एकही मरत नाही.

दुसरं उदाहरण वायंडॉट जातीचं. तिला चपटा, गुलाबासारखा तुरा हवा. पण हा जीन दोन्हीकडून आलेल्या कोंबड्यांची प्रजननक्षमता कमी असते, असं ब्रीडर पूर्वीपासून सांगत होते. २०१२ मध्ये संशोधकांनी कारण शोधलं. तुरा बदलणारी तीच गुणसूत्रातली उलथापालथ शुक्राणूंची हालचालही बिघडवते. तुऱ्याचे मार्क मिळतात, ते असे दुसरीकडून कापले जातात.

मग शोवाले व्हिलन? तसं नाही. विसाव्या शतकात अंड्यांसाठी आणि मांसासाठी हायब्रीड कोंबड्या आल्या आणि जुन्या जाती शेतांवरून दिसेनाशा होऊ लागल्या. त्यातल्या कित्येक टिकल्या त्या या हौशी लोकांमुळे. स्टँडर्ड नसतं, तर काय जपायचं हेच ठरलं नसतं. प्रश्न पुस्तकाचा नाही. पुस्तकात जे लिहिलेलं नाही त्याकडे कुणीच बघत नाही, हा आहे.

'पेट' म्हणजे 'काहीही' नव्हे

उलट बाजूचाही घोळ आहे. 'पेटच तर आहे' म्हणत हाताला लागेल त्या जोडीची अंडी उबवली, तर ते पेट ब्रीडिंग होत नाही, नुसती संख्या वाढते. घरात वावरणाऱ्या कोंबडीसाठीही निवड करावीच लागते. माणसाला न घाबरणारी, दुसऱ्यांना टोचून हैराण न करणारी, नीट चालणारी, डोळ्यांवर पिसं न येणारी. पोलिश कोंबडीचा झुपका शोमध्ये जितका भारी दिसतो, तितकाच तो तिला समोरचं दिसू देत नाही. ही यादी कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून ती पाळणारा ब्रीडर जास्त जबाबदार.

म्हणूनच पिल्लू घ्यायचं डोक्यात असेल, तर 'शो की पेट?' एवढं विचारून थांबू नका. हे विचारा:

• पेट क्वालिटी का म्हणता? बोट, तुरा, रंग कमी पडला म्हणून असेल तर हरकत नाही. चोच वाकडी किंवा मान लुळी म्हणून असेल, तर तो आजार आहे, क्वालिटी नव्हे.

• आई-बाप बघता येतील का? त्यांचा स्वभाव हातात घेतल्यावर कळतो.

• कोंबडा निघाला तर परत घ्याल का? साधारण निम्मी पिल्लं नर असतात. पहाटे चारची बांग सोसायटीला आवडेलच असं नाही.

• बाद ठरलेल्या पिल्लांचं तुम्ही काय करता?

शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटेल. पण ट्रॉफी घेतलेल्या एका कोंबडीमागे पंगतीत न बसलेल्या तिच्या कितीतरी बहिणी असतात. त्यांचं पुढे काय झालं, हे जो ब्रीडर न अडखळता सांगतो, त्याच्याकडून बिनधास्त पिल्लू घ्या. मग बोटं चार असोत की पाच!