शत्रूची मालमत्ता : कोरियाचा अनुभव

एखादा देश स्वतंत्र होतो तेव्हा परकीय राज्यकर्ते निघून जातात. परंतु त्यांची घरे, शेते, गिरण्या आणि गोदामे मागेच राहतात. घराला कुलूप लावून मालक समुद्रापार निघून गेला, तर त्या घराची किल्ली कोणाच्या हाती असावी? ज्या शेतात पिढ्यानपिढ्या कुळांनी घाम गाळला, त्या शेताचा मालक कोण? हे प्रश्न भावनेचे वाटतात, पण त्यांची उत्तरे कायद्याने आणि हिशेबाने द्यावी लागतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या ताब्यातून मुक्त झालेल्या कोरियाला ही उत्तरे शोधावी लागली.

युद्धकाळात शत्रुराष्ट्राच्या शासनाची किंवा नागरिकांची जी मालमत्ता आपल्या हद्दीत असते, तिला ‘शत्रुसंपत्ती’ म्हणतात. अशा मालमत्तेची व्यवस्था साधारणपणे तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात तिचे व्यवहार गोठवले जातात. दुसऱ्या टप्प्यात ती एखाद्या अभिरक्षकाच्या, म्हणजे राखणदार अधिकाऱ्याच्या स्वाधीन केली जाते. शेवटी ती परत करायची, विकायची की शासनाकडेच ठेवायची, हे ठरते. भारतातही शत्रुसंपत्ती अधिनियम, १९६८ या कायद्यान्वये अशी मालमत्ता अभिरक्षकाकडे सोपवली जाते. कोरियाची स्थिती मात्र अधिक गुंतागुंतीची होती; कारण तेथील ‘शत्रू’ हाच पस्तीस वर्षे देशाचा राज्यकर्ता होता.

राजवटीचा वारसा

जपानने १९१० साली कोरिया आपल्या साम्राज्यात विलीन करून घेतला. त्याच वर्षी सुरू झालेली जमीन-पाहणी १९१८ पर्यंत चालली. १९०८ साली स्थापन झालेली ‘ओरिएंटल डेव्हलपमेंट कंपनी’ पुढे तेथील फार मोठी जमीनदार बनली. लोहमार्ग, वीजकेंद्रे, कापडगिरण्या, खाणी व बँका उभ्या राहिल्या. परंतु आधुनिक उद्योगांतील बहुतांश भांडवल जपानी लोकांच्या हाती होते. श्रम मात्र प्रामुख्याने कोरियन माणसाचे होते. त्यामुळे ‘हे सारे आमच्याच कष्टांतून उभे राहिले आहे’ ही भावना कोरियन जनतेच्या मनात खोलवर रुजलेली होती.

१५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानच्या शरणागतीची घोषणा झाली. त्या वेळी कोरियात सुमारे सात लाख जपानी नागरिक राहत होते. मायदेशी परतताना मर्यादित सामान आणि दरडोई केवळ एक हजार येन नेण्याची मुभा त्यांना पुढे मिळाली. त्या धामधुमीत अनेकांनी घरे, दुकाने व जमिनी मिळेल त्या किमतीला विकून टाकल्या. काही कोरियन लोकांनी आयुष्यभराची शिल्लक देऊन घर घेतले, तर काहींनी संधी साधून मोठा साठा केला. अनेक कारखान्यांत कामगारांनी स्वतःच्या समित्या स्थापन करून यंत्रे, कच्चा माल आणि कामकाज आपल्या ताब्यात घेतले.

दोन अध्यादेश

याच सुमारास ३८ अक्षांशाच्या रेषेवर देशाचे दोन भाग पडले. उत्तरेत सोव्हिएत सैन्य आले आणि दक्षिणेत सप्टेंबर १९४५ मध्ये अमेरिकेचे लष्करी शासन सुरू झाले. या शासनाने २५ सप्टेंबर १९४५ रोजी अध्यादेश क्रमांक २ काढून जपानच्या सरकारी मालमत्तेचे व्यवहार गोठवले. खासगी जपानी मालमत्तेच्या विक्रीला मात्र काही अटींवर मोकळीक ठेवण्यात आली. या मोकळिकीविरुद्ध कोरियात तीव्र नाराजी उमटली. जी मालमत्ता देशाची व्हायला हवी, ती विकत का घ्यावी, असा लोकांचा सवाल होता.

अखेर ६ डिसेंबर १९४५ रोजी अध्यादेश क्रमांक ३३ निघाला. त्यानुसार दक्षिणेतील सर्व जपानी मालमत्ता, सरकारी असो वा खासगी, २५ सप्टेंबर १९४५ पासून लष्करी शासनाच्या मालकीची ठरली. ९ ऑगस्ट १९४५ या दिवशी किंवा त्यानंतर जी मालमत्ता जपानी व्यक्तीच्या नावावर होती, ती सर्व या तरतुदीत आली. याचा परिणाम असा झाला, की त्या तारखेनंतर रोख पैसे मोजून जपानी माणसाकडून जमीन घेणाऱ्या कोरियन खरेदीदाराचा व्यवहारही निरर्थक ठरला. सामूहिक न्यायासाठी केलेला नियम काही व्यक्तींवर कठोर आघात करू शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

उत्तरेने वेगळा मार्ग धरला. मार्च १९४६ मधील जमीन सुधारणा कायद्याने जपानी लोकांच्या व मोठ्या जमीनदारांच्या जमिनी मोबदल्याविना घेऊन शेतकऱ्यांना विनामूल्य वाटण्यात आल्या. ऑगस्ट १९४६ मध्ये प्रमुख उद्योगांचे राष्ट्रीयीकरण झाले. एकाच देशाच्या दोन भागांत एकाच प्रकारच्या संपत्तीची विल्हेवाट अशी भिन्न रीतींनी झाली.

शेतजमिनीचा हिशेब

दक्षिणेतील जपानी शेतजमिनी सांभाळण्यासाठी १९४६ साली ‘न्यू कोरिया कंपनी’ स्थापन झाली. पाच लाखांहून अधिक कुळकुटुंबे तिच्या जमिनी कसत होती. जपानी राजवटीत कुळाला पिकाचा साधारण निम्मा भाग खंड म्हणून द्यावा लागे. लष्करी शासनाने ऑक्टोबर १९४५ मध्ये खंडाची मर्यादा पिकाच्या एक तृतीयांशावर आणली. त्यानंतर मार्च १९४८ मध्ये या जमिनी प्रत्यक्ष कसणाऱ्या कुळांना विकण्याचा निर्णय झाला. जमिनीची किंमत तिच्या वार्षिक उत्पन्नाच्या तिप्पट ठरवण्यात आली आणि ती पंधरा वर्षांत, दरवर्षी पिकाचा पाचवा हिस्सा देऊन फेडायची होती.

हा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका शेतात दरवर्षी ३० पोती भात पिकते. जुन्या रीतीने कुळाला १५ पोती खंड द्यावा लागे. नव्या मर्यादेनुसार १० पोती. खरेदीनंतर मात्र वर्षाला ६ पोती दिली, की पंधरा वर्षांत ९० पोत्यांची किंमत फिटून जमीन स्वतःची होई. म्हणजे मालक होण्यासाठी द्यावा लागणारा हप्ता कूळ म्हणून द्याव्या लागणाऱ्या खंडापेक्षाही कमी होता. हप्ता धान्यात असल्यामुळे चलनवाढीचा मात्र शेतकऱ्याला लाभ मिळत नव्हता. कारखान्यांच्या विक्रीत नेमके याच्या उलट घडले.

कारखाने आणि घरे

कारखाने विकण्यापूर्वी ते चालवणे आवश्यक होते. जपानी तंत्रज्ञ निघून गेले होते. सुटे भाग व कच्चा माल मिळत नव्हता. उत्तरेतून मिळणारी वीजही मे १९४८ मध्ये बंद झाली. लष्करी शासनाने कामगार समित्यांना बाजूला सारून आपले व्यवस्थापक नेमले. अनेक ठिकाणी निवडीच्या वेळी कार्यक्षमतेपेक्षा ओळखपाळख आणि इंग्रजीचे ज्ञान महत्त्वाचे ठरले. मालकी आपली नाही आणि व्यवस्थापकपद किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही, अशा स्थितीत काही व्यवस्थापकांनी यंत्रांची निगा राखण्याऐवजी साठ्यातील माल विकून पैसा केला. राखणदार नेमला म्हणजे राखण होतेच असे नाही, हा धडा येथे मिळतो.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी कोरिया प्रजासत्ताक स्थापन झाले आणि सप्टेंबरमधील करारान्वये ही मालमत्ता नव्या शासनाकडे आली. डिसेंबर १९४९ मध्ये तिच्या विल्हेवाटीचा कायदा झाला. खाणी, बँका यांसारख्या काही महत्त्वाच्या मालमत्ता शासनाकडे ठेवता येत होत्या; उरलेल्या विकायच्या होत्या. मालमत्तेशी आधीपासून संबंध असलेले भाडेकरू व व्यवस्थापक, कर्मचारी आणि जमीन सुधारणेत जमीन गेलेले जमीनदार यांना प्राधान्य होते. घरांच्या बाबतीत देशसेवा केलेल्यांची बेघर कुटुंबे व घर नसलेले गरीब कामगार यांचा विशेष विचार करायचा होता. खरेदीदाराचे विचार सौम्य असावेत, अशीही अट होती. या एका शब्दामुळे शासनाच्या राजकीय विरोधकांना दूर ठेवणे सोपे झाले.

किंमत पंधरा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांनी फेडता येत होती. जून १९५० मध्ये युद्ध सुरू झाले. अनेक कारखाने उद्ध्वस्त झाले आणि चलनवाढीने कळस गाठला. हप्ते पैशांत ठरलेले असल्यामुळे खरेदीदाराचा बोजा आपोआप हलका होत गेला. समजा, एका गिरणीची किंमत १५ लाख ठरली आणि वर्षाला एक लाखाचा हप्ता आहे. काही वर्षांत पैशाचे मोल दहाव्या हिश्शावर आले, तर पुढील प्रत्येक हप्ता प्रत्यक्षात दहा हजारांच्या मोलाचा उरतो. जे खरेदीदाराला मिळाले, तेच सार्वजनिक तिजोरीने गमावले.

जमीनदारांच्या बाबतीत दैवाने उलटी चाल केली. जमिनीच्या मोबदल्यात त्यांना रोखे मिळाले होते. या रोख्यांच्या बळावर ते कारखाने घेतील व उद्योजक बनतील, अशी अपेक्षा होती. परंतु युद्धाच्या हलाखीत अनेकांनी पोटासाठी ते रोखे मातीमोल भावाने विकले. ते स्वस्तात घेणाऱ्यांनी त्याच रोख्यांनी शासनाचे हप्ते फेडले. आजच्या काही प्रसिद्ध उद्योगसमूहांची सुरुवात अशा मालमत्तेपासून झाली आहे. सुवॉन येथील सनक्याँग कापडगिरणीतून पुढे ‘एसके’ समूह वाढला. ‘हानह्वा’ समूहाचा उगम स्फोटकांच्या धंद्यात आहे, तर ‘दूसान’ समूहाने एका जपानी मद्यकारखान्याचा वारसा चालवला. या संस्थापकांचे परिश्रम नाकारता येत नाहीत. परंतु सत्तेशी जवळीक असलेल्यांना झुकते माप मिळाले, हा आक्षेपही पुसला गेला नाही. एप्रिल १९६० च्या जनआंदोलनाने राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांची सत्ता गेली, तेव्हा अवैध मार्गाने जमवलेल्या संपत्तीची चौकशी करण्याची मागणी जोरात पुढे आली.

जपानचा दावा आणि आजचे अवशेष

मूळ मालकांचा प्रश्नही शिल्लक होताच. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहात अमेरिकी लष्करी शासनाने केलेली मालमत्तेची विल्हेवाट जपानने मान्य केली. तरीही पुढील वाटाघाटींत जपानने खासगी मालमत्तेवरील हक्काचा मुद्दा काढला. जपानी राजवटीने कोरियाचे भले केले, असे उद्गार १९५३ साली जपानी प्रतिनिधी कुबोता यांनी काढले आणि चर्चा तुटली. डिसेंबर १९५७ मध्ये जपानने ते उद्गार व तो दावा मागे घेतला. अखेर २२ जून १९६५ रोजी दोन्ही देशांत करार होऊन परस्परांचे मालमत्ताविषयक दावे मिटवण्यात आले. जपानने ३० कोटी डॉलरचे अनुदान आणि २० कोटी डॉलरचे कर्ज देण्याचे मान्य केले.

गुनसान आणि मोकपो या बंदरांच्या शहरांत त्या काळातील जपानी धाटणीची घरे अजूनही दिसतात. कोरियन भाषेत त्यांना आजही ‘शत्रुसंपत्तीची घरे’ या अर्थाच्या नावाने ओळखतात. कागदोपत्री प्रश्नही दीर्घकाळ रेंगाळले. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपानी मालकाकडून घेतलेल्या एका जमिनीवरून उद्भवलेला वाद दक्षिण कोरियाच्या संविधान न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने ते दोन्ही अध्यादेश संविधानाशी सुसंगत ठरवले. पंचाहत्तर वर्षांनंतरही एका तारखेचे ओझे एका जमिनीवर होते.

कोरियाच्या अनुभवातून काही गोष्टी स्पष्ट होतात. मालमत्ता जप्त करणे हे एका आदेशाचे काम आहे. तिची राखण, मूल्यमापन आणि वाटणी ही वर्षानुवर्षांची कामे आहेत. जेथे नियम सोपा होता आणि लाभार्थी शेतात डोळ्यांसमोर उभा होता, तेथे पाच लाखांहून अधिक कुळांसाठी मालकीची वाट खुली झाली. जेथे मूल्य, निवड आणि हप्ते बंद दाराआड ठरले, तेथे देशाची संपत्ती थोड्यांच्या हाती गेली. परकीयाच्या हातून सुटलेली वस्तू सर्वांच्या उपयोगी पडायची असेल, तर तिचा हिशेबही सर्वांसमोर मांडला गेला पाहिजे.