भिंतीआधी करार

मुंबईला पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि उन्हाळ्यात टँकरही शहापुरातच फिरतात. पाणी कमी आहे म्हणून असे होत नाही. कागदावर काठावरच्या गावाचे नाव नाही म्हणून होते.

जुलै उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज एक चौकट येते : सात तलाव, आजचा साठा, गेल्या वर्षीचा साठा. सातही तलाव भरले की बेरीज होते १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. त्यातले ७ लाख १७ हजार एकट्या भातसाचे. भातसा, तानसा आणि मोडकसागर ही तिन्ही शहापूर तालुक्यातली. तिन्हींचा साठा एकत्र धरला तर मुंबईचे सुमारे ६८ टक्के पाणी या एका तालुक्यात अडवलेले असते. मध्य वैतरणाही दूर नाही, ते मोखाडा-शहापूरच्या सीमेवर आहे.

मार्च लागला की ठाणे जिल्ह्याच्या पानावर दुसरी बातमी येते : शहापूरच्या पाड्यांवर टँकर सुरू. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हा मथळा इतक्यांदा छापून झाला आहे, की वाचणाऱ्याला तो आता नशिबाचा भोग वाटू लागतो. प्रत्यक्षात हा साध्या गणिताचा मामला आहे.

जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा. २०११च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर होती. आज ती चार लाख धरू. रोजचे झाले २ कोटी २० लाख लिटर, वर्षाचे ८०३ कोटी. मुंबईच्या सात तलावांत सर्वांत लहान तुळशी, त्यात साधारण ८०४ कोटी लिटर मावते. म्हणजे अख्ख्या तालुक्याचे वर्षाचे पिण्याचे पाणी त्या एका तुळशीत बसते. मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पुरवले जाते. त्या हिशेबाने मुंबईचे दोन दिवस म्हणजे शहापूरचे एक वर्ष. भातसाच्या साठ्यातून एवढे काढले तर सव्वा टक्काही जाणार नाही.

कातळ आणि चढ

मग अडते कुठे? शहापूरहून शेणव्याच्या बाजूला निघाले की उत्तर डोळ्यांना दिसू लागते. शेणवा तसे मोठे गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र असलेले. पलीकडे डोळखांबकडे आणि किन्हवलीकडे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी अशा समाजांचे पाडे पसरलेले. इथे पाऊस कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. सह्याद्रीच्या पायथ्याला चार महिने तो नुसता कोसळत असतो. पण खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि जमिनीला उतार. आलेले पाणी मुरत नाही, धावत सुटते. होळीच्या सुमारास विहिरींचा तळ दिसू लागतो. मग ओहोळाच्या कोरड्या पात्रात झिरा खणायचा, वाटी-वाटीने हंडा भरायचा आणि तो डोक्यावर घेऊन चढ चढायचा. हे काम बहुतेक ठिकाणी बायकांच्याच वाट्याला येते.

धरणाचे पाणी खोऱ्यात आणि पाडे चढावर. ते वर आणायचे तर पंप हवा, जलवाहिनी हवी आणि दर महिन्याचे वीजबिल भरणारा कोणी हवा. छोट्या ग्रामपंचायतीची नळपाणी योजना बहुधा याच बिलापाशी अडकते. बिल थकले की पंप थांबतो, पंप थांबला की टँकरसाठी अर्ज जातो. मुंबईचे उलटे आहे. तानसाचे पाणी उताराने शहराकडे जाते. भातसाचे पाणी धरणातून नदीत सोडतात, ते खाली पिसे येथे उचलतात आणि पांजरापूरला शुद्ध करून पुढे पाठवतात. उतार शहराच्या बाजूने आहे, चढ गावाच्या वाट्याला. निसर्गाने केलेली ही वाटणी पैशाने भरून काढता येते. पण तो पैसा कोणी द्यायचा, हे कुठेच लिहिलेले नाही.

कागद कोणाचा?

तानसा धरण १८९२चे. विहार आणि तुळशी हे तलाव अपुरे पडू लागल्यावर वाढत्या मुंबईने शहराबाहेर शंभर किलोमीटरच्या आत शोधलेले हे पाणी. मोडकसागर १९५७चे, महापालिकेचे अभियंता नानासाहेब मोडक यांच्या नावाने ओळखले जाणारे. भातसा राज्याच्या पाटबंधारे खात्याने बांधले. तिथून उचललेल्या पाण्याचा आकार महापालिका राज्याला देते. अशा पाण्याचे दर ठरवण्यासाठी २००५च्या कायद्याने राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले. या सगळ्या व्यवहारात दोनच पक्ष दिसतात, शहर आणि सरकार. ज्या गावांच्या हद्दीत पाणी साठते, ती गावे या कागदात पक्षकार म्हणून कुठेच नाहीत. त्यांची नोंद होते ती बाधित म्हणून, किंवा टँकरच्या यादीत.

कायद्याने नंतर गावाला काही हात दिला. संपूर्ण शहापूर तालुका आणि शेजारच्या मुरबाडची काही गावे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४च्या नियमांनी अशा भागातल्या गावांकडे लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन सोपवले. यातला ‘लहान’ हा शब्द महत्त्वाचा. गावतळे ग्रामसभेचे, पण समोरचा अथांग जलाशय तिच्या अधिकाराबाहेर.

गावाचे शहर झाले की आणखी एक गुंता होतो. २०१५मध्ये शहापूर आणि मुरबाड इथे नगरपंचायती आल्या. पेसा पंचायतींसाठी आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या शहरांसाठी तसाच कायदा करण्याचे विधेयक २००१मध्ये संसदेत आले, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की गटारे आणि रस्ते यांची जबाबदारी वाढते, आणि ग्रामसभेला पेसाने दिलेले अधिकार मागे राहतात. जलाशयाशेजारच्या लहान स्वराज्य संस्थेची ताकद किती, याचे आपल्याकडचे उत्तर इतके तोकडे आहे.

ब्रेगालियाने काय केले?

हेच उत्तर सगळीकडे नाही. स्वित्झर्लंडच्या आग्नेय भागात इटलीच्या सीमेवर ब्रेगालिया नावाचे खोरे आहे. भाषा इटालियन, वस्ती दीड हजाराच्या आसपास. २०१०मध्ये पाच छोट्या गावांच्या नगरपालिका एकत्र येऊन इथे एकच नगरपालिका झाली. खोऱ्याच्या वरच्या अंगाला अल्बिन्या धरण आहे. ते बांधले झुरिच शहराच्या वीज संस्थेने, १९५०च्या दशकात, ११५ मीटर उंच. मोठ्या शहराने दूरच्या गरीब खोऱ्यात धरण बांधावे, ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे. फरक पडतो तो पुढे.

त्या प्रांतात, ग्राउबुंडनमध्ये, वाहत्या पाण्यावरचा हक्क गावांचा मानला जातो. त्यामुळे झुरिचला आधी गावांकडून परवाना घ्यावा लागला. १९१६चा तिथला संघीय कायदा सांगतो, की असा परवाना जास्तीत जास्त ८० वर्षांचा. पाण्याच्या वापरासाठी दरवर्षी जलभाडे द्यायचे आणि त्याची कमाल मर्यादा कायद्यानेच ठरवायची; सध्या ती दर किलोवॉट ढोबळ शक्तीमागे ११० फ्रँक आहे. मुदत संपली की धरण आणि जलवाहिन्यांसारखा पाण्याशी निगडित भाग परवाना देणाऱ्याकडे परत येऊ शकतो. म्हणजे वाटाघाटीच्या टेबलावर गाव पुन्हा एकदा मालक म्हणून बसते.

तुलनेला मर्यादा आहेत. झुरिच तिथून वीज नेते, मुंबई पाणीच नेते. आणि मुंबईतल्या झोपडपट्टीत सार्वजनिक नळावर रांगेत उभी राहणारी बाई काही शहापूरचे पाणी लुटत नाही, तिलाही ते पुरत नाही. पण ब्रेगालियाकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे : भिंत उभी राहण्याआधी कागद झाला होता, आणि त्या कागदावर गावाची सही होती.

बारवी आणि काळू

हा धडा आल्प्समधून आणायची गरजही नाही. मुरबाडने तो स्वतः गिरवला आहे. औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण १९७२चे. कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, मीरा-भाईंदरची तहान ते भागवते. पुढे त्याची उंची वाढवायची ठरली, तेव्हा नव्याने बुडणाऱ्या वस्त्यांनी पुनर्वसन होईपर्यंत गाव सोडायला नकार दिला. भिंत तयार असूनही पाणी पुऱ्या उंचीला चढवता येईना. अखेर तोडगा निघाला, की बाधित कुटुंबांना नोकऱ्या द्यायच्या आणि पाणी घेणाऱ्या शहरांनी त्यात आपला वाटा उचलायचा. ज्याला पाणी, त्याने किंमत द्यायची, हे तत्त्व इथे ठोसपणे मान्य झाले. ते झाले, कारण तेव्हा गावांच्या हातात अजून काही शिल्लक होते.

काळू नदीवरच्या धरणाची गोष्ट याच्या पुढची. मुरबाड तालुक्यात माळशेजच्या पायथ्याशी हे काम २०११मध्ये वनखात्याची मंजुरी नसताना सुरू झाले. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवले. ठाणे जिल्ह्यातली शहरे फुगत असल्यामुळे विषय अधूनमधून पुन्हा वर येतो आणि येत राहील.

जुन्या धरणांबाबत मागण्यासारखे बरेच आहे. भातसाच्या साठ्यातला तालुक्याचा वाटा लेखी राखून ठेवावा. तो चढावर नेण्याचा वीजखर्च पाण्याच्या आकारातून भागवावा, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीतून नव्हे. घाटावरच्या भावली धरणाचे पाणी उताराने शहापूरच्या गावांना आणण्याची योजना पूर्ण करावी. तिथे उतार पहिल्यांदाच गावाच्या बाजूने आहे आणि पंपाच्या बिलाची कटकट नाही. पण झालेल्या धरणापाशी मागणी करावी लागते, होणाऱ्या धरणापाशी अट घालता येते.

‘नको’ म्हणण्याचा हक्क काळूकाठच्या ग्रामसभांना आहेच, आणि तो त्यांनी वापरलाही आहे. उद्या कुठल्या गावाने ‘हो’ म्हणायचे ठरवले, तर ते ब्रेगालियासारखे, मुदत आणि भाडे लिहून घेऊन म्हणावे. त्या करारात ग्रामसभा पक्षकार असावी, पाण्याच्या आकारातला गावाचा वाटा टक्क्यांत नोंदलेला असावा. आणि पहिल्या क्रमांकाची अट एवढीच : शहराच्या जलवाहिनीत पाणी सोडण्याआधी काठावरच्या शेवटच्या पाड्याचा नळ सुरू झाला पाहिजे.