टाका ते पिक्सेल

घरचा ठेवा : दोसुतीवरचे तोरण, भरतकामाचा रुमाल, आजीची गोधडी.

मेळ : दोसुतीवर घरे मोजून टाके घालतात. एक घर म्हणजे एक पिक्सेल. नक्षी पडद्यावर तशीच उतरते.

जुने नाते : १८०४च्या जकार्ड मागाला नक्षी सांगत ती भोकांची कार्डे. पुढे संगणकही तशाच कार्डांवर चालले.

स्कॅन : कापड सपाट पसरा, किमान ३०० डीपीआय ठेवा. उलटी बाजूही टिपा. हाताची सवय तिथेच दिसते.

हक्क : मूळ कलाकृतीचा स्वामित्वहक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

पाहायला : माझगावला लागून, भायखळ्याच्या राणीबागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ मध्ये खुले झाले.