दोघांचा डाव आणि चौघांचा डाव : 'मॅजिक' या पत्त्यांच्या खेळातील आक्रमक व नियंत्रक शैली

प्रस्तावना :

इ.स. १९९३ मध्ये अमेरिकेत 'मॅजिक : द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ प्रसिद्ध झाला. त्याचे जनक रिचर्ड गारफिल्ड हे गणिताचे अभ्यासक असून कॉम्बिनेटोरिक्स या गणितशाखेत त्यांनी पीएच.डी. संपादन केली. नेहमीच्या खेळात ५२ पानांचा एकच जोड सर्वांत वाटला जातो. येथे मात्र प्रत्येक खेळाडू विकत घेतलेल्या वा अदलाबदलीतून मिळविलेल्या पानांतून स्वतःचा जोड स्वतः रचून आणतो. म्हणजे खेळाचा निम्मा विचार डाव मांडण्यापूर्वीच झालेला असतो. या विचाराच्या दोन प्रमुख दिशा, म्हणजे आक्रमक शैली व नियंत्रक शैली, दोघांच्या डावात कशा कार्य करतात आणि चौघांच्या डावात त्यांचे काय होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दोघांचा डाव :

दोघांच्या डावात प्रत्येकाजवळ आरंभी २० जीवनांक असतात. प्रतिस्पर्ध्याचे जीवनांक शून्यावर आणणारा जिंकतो. पाने खेळण्यासाठी 'माना' नावाची शक्ती लागते. ती 'लँड' या पानांपासून मिळते आणि सामान्यतः एका पाळीत एकच लँड मांडता येते. त्यामुळे पहिल्या पाळीत एक, चौथ्या पाळीत चार, अशी शक्ती हळूहळू वाढत जाते. दोन्ही शैलींचे मूळ या वाढीत आहे. आक्रमक खेळाडू स्वस्त पाने भराभर मांडून, प्रतिस्पर्ध्याची शक्ती वाढण्यापूर्वीच डाव संपवू पाहतो. नियंत्रक खेळाडू येणारी प्रत्येक खेळी निष्फळ करीत डाव लांबवितो आणि मग एखाद-दुसऱ्या बलाढ्य पानाने तो जिंकतो. इ.स. १९९६ मध्ये पॉल स्लाय या खेळाडूने अटलांटा येथील पात्रता स्पर्धेत स्वस्त लाल पानांचा जोड घेऊन दुसरे स्थान मिळविले. तेव्हापासून त्या घडणीच्या जोडास त्याचेच नाव पडले. याउलट ब्रायन वाइसमन यांच्या 'द डेक' या प्रसिद्ध जोडात विजय मिळवून देणारी पाने जेमतेम दोन-चार होती. बाकी सारा भर प्रतिकारावर होता.

परंतु शैली ही जोडाची कायमची जात नव्हे. माईक फ्लोरेस यांनी इ.स. १९९९ मधील आपल्या बहुचर्चित लेखात असे प्रतिपादन केले की, दोन जोड बरेचसे सारखे असले तरी त्या विशिष्ट डावात एकाची भूमिका आक्रमकाची व दुसऱ्याची नियंत्रकाची ठरते. आपली भूमिका चुकीची ओळखणारा डाव गमावतो. ही मांडणी दोघांच्या डावास चपखल लागू पडते. तेथे एकाचा तोटा हाच दुसऱ्याचा नफा असतो.

चौघांचा डाव :

'कमांडर' या प्रकारात बहुधा चार जण खेळतात. प्रत्येकाचा जोड १०० पानांचा असतो आणि मूलभूत लँड वगळता कोणतेही पान एकदाच घेता येते. जीवनांक प्रत्येकी ४०. 'लाइटनिंग बोल्ट' हे आक्रमकांचे आवडते पान एक माना घेऊन तीन जीवनांकांची हानी करते. दोघांच्या डावात अशा सात प्रहारांनी काम भागते. येथे एका प्रतिस्पर्ध्यासाठी १४, म्हणजे तिघांसाठी ४२ प्रहार हवेत आणि जोडात बोल्ट तर एकच! शिवाय हल्ल्यास गेलेले 'क्रीचर' सामान्यतः आपली पुढची पाळी येईपर्यंत बचाव करू शकत नाही. एकावर चाल करणारा उरलेल्या दोघांसमोर उघडा पडतो.

यावरून चौघांचा डाव नियंत्रकास सोयीचा, असे अनुमान काढले जाते. ते तितकेसे खरे नाही. 'काउंटरस्पेल' हे पान वापरून प्रतिस्पर्ध्याचे एक पान रद्द केले, तर दोघांच्या डावात हिशेब बरोबरीत सुटतो. चौघांत मात्र रद्द करणारा व रद्द होणारा या दोघांचे एकेक पान खर्ची पडते आणि ज्यांनी काहीच केले नाही ते दोघे आयतेच पुढे जातात. आपण पाळीस एक पान उचलतो, तोवर समोरचे तिघे मिळून तीन उचलतात. एकास एक हा प्रतिकार अशा ठिकाणी पुरा पडणार कसा? म्हणून अनुभवी नियंत्रक घाऊक पानांकडे वळतो. सर्व क्रीचर नष्ट करणारे 'रॅथ ऑफ गॉड' चार मानांत तिघांचीही फळी साफ करते. मात्र तिघांचा रोषही एकाच वेळी ओढवून घेते.

येथे कळीचा मुद्दा येतो. फॉन नॉयमन व मॉर्गेनस्टर्न यांनी इ.स. १९४४ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की, तिसरा खेळाडू येताच युतीचा प्रश्न उपस्थित होतो आणि खेळाचे स्वरूपच पालटते. मेंढीकोटातही चौघे असतात, पण जोडीदार ठरलेले असल्याने हा पेच तेथे उद्भवत नाही. तिघांच्या पिस्तूल-द्वंद्वाचे कोडे या संदर्भात उद्बोधक आहे. तीन नेमबाजांची अचूकता अनुक्रमे १/३, २/३ व १ असून सर्वांत कच्च्याने प्रथम, मग याच क्रमाने गोळी झाडावयाची आहे. कच्च्याने पहिली गोळी हवेत सोडणे हेच त्याच्या हिताचे ठरते. तसे केल्यास त्याची जगण्याची शक्यता २५/६३, मधल्याची २४/६३, तर कधीही न चुकणाऱ्याची अवघी १४/६३ उरते. बलवानाकडे सर्वांचे लक्ष जाते, ही त्याची खरी दुर्बलता होय.

तेव्हा चौघांच्या डावात जीवनांक व पाने यांच्याइतकेच इतरांचे लक्ष हेही मोजण्याचे साधन ठरते. 'प्रोपगँडा' या पानामुळे आपल्यावर चाल करणाऱ्यास प्रत्येक क्रीचरमागे दोन माना भराव्या लागतात. ते हल्ला थोपवीत नाही, शेजाऱ्याकडे वळविते. आक्रमकासही तसेच साधन लाभले. इ.स. २०१६ मध्ये आलेल्या 'गोड' या नियमाने दुसऱ्याच्या क्रीचरला हल्ला करणे भाग पडते आणि शक्य असेल तर तो तिसऱ्यावरच करावा लागतो. (इंग्रजीतील हा शब्द टोचणीचा आहे, मराठी कानास मात्र तो भलताच मधुर लागतो.) या दोन पानांत आक्रमण कोणते व नियंत्रण कोणते, हे सांगणे सोपे नाही. दोघे बाद होऊन दोघेच उरले म्हणजे फ्लोरेस यांचा प्रश्न पुन्हा जसाच्या तसा उभा राहतो.

या शैलीभेदास एक सामाजिक अंगही आहे. आक्रमकाने एकास लवकर बाद केले, तर तो खेळाडू उरलेला सारा वेळ प्रेक्षक होऊन बसतो. अतिरेकी नियंत्रकामुळे चौघेही हजर असून कोणालाच खेळता येत नाही. सर्व लँड नष्ट करणारे 'आर्मागेडन' हे त्याचे टोकाचे उदाहरण. ज्या खेळात पारितोषिक बहुधा नसतेच, तेथे ही तक्रार केवळ रडीचा डाव म्हणून झटकून टाकता येत नाही. या प्रकाराचे नियमन खेळाडूंच्याच समितीकडे होते. सप्टेंबर २०२४ मध्ये ते प्रकाशक 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या संस्थेकडे गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये संस्थेने जोडांच्या पाच पायऱ्या प्रायोगिक स्वरूपात जाहीर केल्या, जेणेकरून खेळाडूंनी आपापल्या अपेक्षा आधीच बोलून घ्याव्यात. 'आर्मागेडन'वर बंदी घातली गेली नाही. पहिल्या तीन पायऱ्यांवर मात्र अशा घाऊक लँडनाशास स्थान नाही.