राईड मुलांसाठी, निधी सायकलींसाठी

येरवड्यातल्या सायकलप्रेमी मंडळींनो, गरजू मुलांसाठी चॅरिटी राईड काढणार असाल तर एक आग्रहाची विनंती: जमलेल्या निधीतून मुलांना सायकलीच घेऊन द्या.

बिहारमध्ये 2006 पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी सरकारी पैसे मिळू लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी परिणाम मोजला, तर मुलींचे माध्यमिक शाळेतले प्रवेश तब्बल 32 टक्क्यांनी वाढलेले! सर्वाधिक फायदा झाला तो शाळा 3 किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. पण योजनेत न बसणारी कितीतरी मुलं आजही पायपीट करतात.

सायकल घेताना गिअर, डिस्क ब्रेकचा मोह टाळा. गावातल्या दुकानात दुरुस्त होईल अशीच घ्या. दप्तरासाठी दणकट कॅरिअर, ओढणी अडकू नये म्हणून पूर्ण चेनकव्हर आणि मडगार्ड हवंच. सोबत पंप आणि पंक्चरचं सामान द्या, ट्यूबला ठिगळ कसं लावायचं तेही मुलांना तिथेच शिकवा.

राईड पहाटेच काढा, नंतर नगर रस्ता वाहनांनी भरून जातो. प्रवेश शुल्काशिवाय प्रत्येकाने नातेवाइकांकडून किलोमीटरमागे ठरावीक रक्कम कबूल करून घ्यावी. आणि सगळा हिशेब देणगीदारांना दाखवा, अगदी पावत्यांसकट.